'लिंग' या एकाच शब्दावर किती ओझे टाकणार?

मराठीत 'लिंग' हा शब्द किती ठिकाणी राबतो ते एकदा मोजून पाहा. व्याकरणाच्या तासाला तो खुर्चीला 'ती' आणि पुस्तकाला 'ते' ठरवतो. दवाखान्यात तो शरीराचा अवयव असतो. देवळात तो पिंड होऊन बसतो. सरकारी अर्जात तो एक रकाना असतो. आणि संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये तो धर्म, वंश, जात यांच्या शेजारी उभा राहून सांगतो की याच्या आधारावर राज्याने कोणाशीही भेदभाव करायचा नाही.

एवढे कमी होते म्हणून की काय, 'मी कोण आहे' हा प्रश्नही आता याच शब्दाच्या डोक्यावर येऊन बसला आहे. मग वाद होणारच. आपल्या तरुण कार्यकर्त्यांमध्ये सध्या तो जोरात चालू आहे. एक जण म्हणतो, लिंग दोनच, ते जन्माने ठरते, बाकी सगळे परदेशातून आलेले फॅड. दुसरा म्हणतो, शरीर वगैरे काही नसते, जो स्वतःला जे म्हणेल ते खरे, प्रश्न विचारणारा मनुवादी. दोघेही बाबासाहेबांचे नाव घेतात, आणि दोघेही 'लिंग' हा शब्द वापरताना वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. हे भांडण मिटवता येईल असा आमचा दावा नाही. पण ते निदान एका विषयावर तरी व्हावे, म्हणून हा लेख.

'शब्दांचा एवढा कीस कशाला?' असे आपल्यातल्या कोणी विचारू नये. १९३८ साली मुंबई विधिमंडळात 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालायचा प्रयत्न झाला, तेव्हा भाऊराव गायकवाडांनी विरोध केला आणि बाबासाहेबांसह स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृहाबाहेर पडले. 'नवबौद्ध' हा शब्द आजही सरकारी योजनांच्या कागदांवर आहे आणि आजही आपल्याला खटकतो. एका विद्यापीठाच्या नावासाठी आपली घरे जाळली गेली. आपल्याला कोणी काय म्हणायचे हे आपण ठरवणार, दुसरा नाही, हा धडा आपण पुस्तकात वाचून शिकलेलो नाही.

दुसराही एक धडा आपल्याजवळ आहे. १९५६ साली आपण बौद्ध झालो. आपण कोण, हे आपण ठरवले. पण केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला १९९० साल उजाडावे लागले. मधली ३४ वर्षे कित्येक घरांनी मनाने एक आणि कागदावर दुसरे असे दुहेरी जगणे जगले. मनातली ओळख खरी होती आणि कागदावरचा शब्दही पोटाशी बांधलेला होता. ही तुलना फार ताणायची नाही. जात शरीरात नसते, ती समाजाने लादलेली असते. लिंगाच्या बाबतीत शरीर असतेच. पण ओळख आणि कागद यांतले अंतर म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागू नये.

चार वेगळे प्रश्न

शरीर कसे आहे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर म्हणजे जैविक लिंग. त्या शरीराच्या माणसाने कसे वागावे, काय नेसावे, कुठे बसावे, याबद्दल समाज काय सांगतो, हा दुसरा. त्याला स्त्री-चळवळीने 'लिंगभाव' हा चांगला मराठी शब्द दिला. ती व्यक्ती स्वतःला आतून कोण समजते, हा तिसरा, ती लिंगओळख. आणि तिला ओढ कोणाची वाटते, हा चौथा. तो लैंगिक कल. एखादा पुरुष समलिंगी असेल तर तो स्वतःला बाई समजतो असे होत नाही. चौथ्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्याच्या रकान्यात भरण्याची ही चूक आपल्याकडे सर्रास होते, घरातही आणि भाषणांतही.

यातला लिंगभाव आपल्या लोकांना सगळ्यात आधी कळायला हवा, कारण तो आपल्या अंगावर वळ उठवून गेला आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की तुमची लुगडे नेसण्याची पद्धत आणि तुमचे दागिने ही तुमच्या जातीची खूण आहे, ती टाकून द्या. बायकांनी ते मनावर घेतले आणि लुगडी घोट्यापर्यंत नेसली. शरीर तेच राहिले, जन्म तोच राहिला. बदलली ती 'या जातीच्या बाईने असेच दिसायचे' ही आज्ञा. म्हणजे आपल्याकडे लिंगभाव कधी एकटा येत नाही, जातीचा हात धरूनच येतो. ब्राह्मण विधवेचे केशवपन आणि महार बाईचे गुडघ्यापर्यंतचे लुगडे ही एकाच कारखान्याची दोन उत्पादने.

शरीराबद्दल बोलायला लाजण्याचे कारण नाही. बाबासाहेबांना ती लाज नव्हती. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी शास्त्रीय उत्तरे दिली होती, समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही. त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. लैंगिक विषयावर कोणी लिहिले म्हणजे ते अश्लील कसे, हा त्यांचा मुद्दा होता. कर्व्यांना दंड भरावा लागला, खटला हरला. पण बाबासाहेब कोणत्या बाजूला उभे होते हे नोंदले गेले. 'हे विषय आपल्या चळवळीचे नाहीत' म्हणणाऱ्यांनी तेवढी नोंद वाचावी.

शरीर नेहमी एका सुरात बोलत नाही

जीवशास्त्रात लिंग ठरवताना एकच गोष्ट पाहिली जात नाही. गुणसूत्रे असतात, बीजांड किंवा वृषण असतात, संप्रेरके असतात, आतले आणि बाहेरचे अवयव असतात. बहुतेक माणसांत या सगळ्यांची साक्ष एकसारखी निघते, म्हणून सुईण किंवा डॉक्टर एका नजरेत 'मुलगा' किंवा 'मुलगी' म्हणून मोकळी होते. काही माणसांत ती जुळत नाही. गुणसूत्रे एक्स-वाय असतात, पण शरीर पुरुषी संप्रेरकाला दादच देत नाही. मग बाळ मुलगी म्हणून जन्मते, मुलगी म्हणून वाढते, आणि पाळी आली नाही म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षी तपासणी होते तेव्हाच हे समजते. यांना इंग्रजीत 'इंटरसेक्स' म्हणतात.

मराठीत काय म्हणायचे? इथे आपली पंचाईत होते. 'उभयलिंगी' म्हणावे तर शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात गांडूळ उभयलिंगी असते, कारण त्याच्या एकाच शरीरात दोन्ही प्रजननसंस्था असतात. ज्यांना स्त्री आणि पुरुष दोघांविषयी ओढ वाटते त्यांनाही उभयलिंगी म्हणतात. आणि ज्यांच्या शरीराची खूण सरळ दोन खान्यांत बसत नाही त्यांनाही. एक शब्द, तीन अर्थ, त्यातला एक गांडुळाचा. माणसांबद्दल बोलताना आम्ही 'इंटरसेक्स' हाच शब्द देवनागरीत लिहितो. तो सुंदर नाही, पण कोणाचा अपमान करत नाही आणि कोणाला भलत्या रकान्यात ढकलत नाही.

हा घोळ किती महागात पडतो हे शांती सौंदराजनला विचारा. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यातली, वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित मजूर कुटुंबातली ही मुलगी. २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत तिने ८०० मीटरमध्ये रौप्यपदक जिंकले. मग तिची लिंगचाचणी झाली, पदक काढून घेण्यात आले आणि बातमी देशभर झाली. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेल्या बाईविषयी लोक 'हा पुरुष होता का?' असे विचारू लागले. शांती पारलिंगी नव्हती. तिने स्वतःची ओळख बदललेली नव्हती. प्रश्न होता शरीरातल्या एका जैविक भिन्नतेचा, आणि त्याचे उत्तर दिले गेले चारित्र्याच्या भाषेत, फसवणुकीच्या भाषेत. ओडिशाच्या विणकर घरातल्या द्युती चंदला २०१४ साली असेच संघाबाहेर काढले गेले. पण तिच्या मागे लढायला लोक उभे राहिले आणि २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला. शांतीच्या वेळी असे कोणी उभे राहिले नव्हते. खेळात स्त्रियांचा गट वेगळा ठेवण्यामागे शरीराचे खरे कारण आहे, ते आम्ही नाकारत नाही. ती सीमारेषा कुठे आखायची यावर गंभीर वाद होऊ शकतो. पण तो वाद करणाऱ्याला आधी इंटरसेक्स आणि पारलिंगी यांतला फरक तरी माहीत हवा.

आपले जुने शब्द

'तृतीयपंथी' हा शब्द वर्तमानपत्रांनी रुळवला. त्यात 'पंथ' आहे, जणू काही ही माणसे एखाद्या महाराजांची दीक्षा घेऊन आली आहेत. 'किन्नर' त्याहून गोंडस, पण हिमाचलातल्या किन्नौरचे लोकही स्वतःला किन्नर म्हणवतात, आणि जुन्या वाङ्मयात किन्नर हा माणूसच नसतो. 'हिजडा' रस्त्यावर शिवी आहे, पण गुरू-चेल्यांच्या घराण्यांत राहणाऱ्या समूहासाठी ते एका परंपरेचे नाव आहे आणि त्यातले अनेक जण ते ताठ मानेने लावतात. प्रत्येक पारलिंगी स्त्री हिजडा नसते, कारण प्रत्येक जण त्या घराण्यात गेलेली नसते. 'पारलिंगी' हा शब्द नवा आहे, थोडा कोरडा आहे, पण त्याचा अर्थ स्पष्ट आहे: जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगाशी जिची किंवा ज्याची स्वतःची ओळख जुळत नाही ती व्यक्ती. पारलिंगी पुरुषही असतात, हे 'तृतीयपंथी' ऐकल्यावर कोणाच्या डोळ्यांसमोरच येत नाही.

पण या सगळ्यांत आपल्या चळवळीने ज्यावर खरोखर थांबून विचार करावा असा शब्द 'जोगता' आहे.

सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडल्या जात, त्या जोगतिणी. त्या कोणत्या जातींतल्या असत हे आपल्याला माहीत आहे. मुलगेही सोडले जात, ते जोगते. लुगडे नेसायचे, डोक्यावर जग घ्यायचा, जोगवा मागायचा. त्यांत काही मुले अशी, की डोक्यात जट झाली म्हणून किंवा नवस होता म्हणून आईबापांनी लुगड्यात घातली. त्यांना स्वतःला ते नको होते. आणि काही मुले अशी, की त्यांना लहानपणापासून मुलगीच वाटत होते आणि गावात तसे जगता येईल असा एकच दरवाजा उघडा होता, तो देवीचा. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. एकाच्या अंगावरचे लुगडे ही बेडी आहे, दुसऱ्याच्या अंगावरचे लुगडे ही सुटका आहे, आणि दोघांच्याही डोक्यावर तोच जग आहे.

आपण अंधश्रद्धेच्या विरोधात आहोत. जट कापणे, देवीला सोडण्याची चाल बंद पाडणे, हे आपले काम आहे आणि ते झालेच पाहिजे. पण जट कापल्यावर पहिल्या मुलाला पँट देऊन शाळेत पाठवणे ही मुक्ती, आणि दुसऱ्यालाही तीच पँट जबरदस्तीने चढवणे ही नवी बेडी, हा फरक ज्या कार्यकर्त्याला ओळखता येत नाही तो अर्धेच काम करून परततो. देवीने जी जागा दिली ती वाईट होती. विहाराने त्याहून चांगली जागा दिली नाही तर ती व्यक्ती पुन्हा डोंगरावर जाईल. हा फरक ओळखायचा कसा? शरीर पाहून तो कळत नाही, कपडे पाहून तर नाहीच. विचारावे लागते आणि उत्तरावर विश्वास ठेवावा लागतो. लिंगओळख हा शब्द वेगळा हवा तो एवढ्यासाठी.

२०१९ च्या पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या मूळ कायद्याने मात्र हे सगळे एका ओळीत बसवले. पारलिंगी स्त्री, पारलिंगी पुरुष, इंटरसेक्स भिन्नता असलेली व्यक्ती, शिवाय किन्नर, हिजडा, अरवानी आणि जोगता, सगळे एकाच व्याख्येत. म्हणजे शरीराची स्थिती, मनाची ओळख आणि धार्मिक-सामाजिक परंपरा या तीन वेगळ्या गोष्टींचा एकच गठ्ठा. तमिळनाडूत 'अरवानी' हे पुराणकथेतून आलेले नाव मागे पडून 'तिरुनंगै' हा आदरार्थी शब्द रुळला. आपल्याकडे तसा शब्द अजून रुळायचा आहे.

पिटकात काय आहे, आणि काय नाही

आता धम्माकडे. इथे दोन्ही बाजूंनी उतावीळपणा होतो.

अभिधम्मपिटकातल्या 'धम्मसंगणि'त स्त्री-इंद्रिय समजावताना चार वेगळे शब्द येतात: लिंग, निमित्त, कुत्त आणि आकप्प. पहिला शरीराच्या घडणीसाठी, दुसरा खुणांसाठी, तिसरा वागण्याच्या तऱ्हांसाठी, चौथा चालण्या-बसण्याच्या ढबीसाठी. पुरुषासाठीही तेच चार. अट्ठकथेत तर 'कुत्त' सांगताना मुली लहानपणी सूप-मुसळ घेऊन खेळतात असे उदाहरण दिले आहे. हे सारे एका इंद्रियामुळेच घडते असे अट्ठकथेने मानले. सूप-मुसळाची आवड जन्मजात असते यावर आज आपण विश्वास ठेवणार नाही. ज्या घरात भावाच्या हातात पुस्तक आणि बहिणीच्या हातात सूप दिले जाते तिथे ती सुपाशीच खेळणार. पण शरीराची खूण आणि वागण्याची तऱ्हा यांना वेगळी नावे हवीत हे या ग्रंथांना कळले होते. आपण मात्र एका 'लिंगा'त सगळे कोंबतो.

विनयपिटकात, पाराजिक विभागात, एका भिक्षूच्या शरीरात स्त्रीलिंग प्रकट झाल्याची घटना येते. तथागतांचा निर्णय असा: तीच उपसंपदा, तोच उपाध्याय, तेवढेच वर्षावास धरून या व्यक्तीने भिक्खुनींमध्ये जावे. उलट, भिक्खुनीच्या शरीरात पुरुषलिंग प्रकट झाले तर तिने तशीच भिक्षूंमध्ये यावे. पुन्हा दीक्षा नाही, ज्येष्ठता गेली नाही, चौकशी-समिती बसली नाही. आता यावरून 'बुद्धांनी पारलिंगींना मान्यता दिली' असे फलक करू नयेत. तिथे गोष्ट शरीर बदलल्याची आहे, आजच्या अर्थाच्या ओळखीची नाही. पण लिंग बदलले म्हणून माणसाची आजवरची साधना पुसली जात नाही, एवढे त्यातून निर्विवाद दिसते.

त्याच विनयात दुसरेही आहे, ते लपवण्याचे कारण नाही. महावग्गात 'पंडक' आणि 'उभतोव्यंजनक' यांना उपसंपदा देऊ नये असा नियम आहे. विरोधक तो दाखवतात आणि आपली मंडळी गडबडतात. गडबडू नये, नीट वाचावे. 'पंडक' म्हणजे नेमके कोण यावर अभ्यासकांत एकमत नाही. अट्ठकथेत त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि ते आजच्या कोणत्याही एका शब्दाशी जुळत नाहीत. शिवाय उपसंपदेसाठी नाकारलेल्यांत कर्जबाजारी आहे, राजाचा सैनिक आहे, दास आहे, ठरावीक रोगांनी पीडित माणूस आहे. दासाला प्रवेश नाही म्हणजे बुद्धांनी गुलामी मानली, असे आपण म्हणतो का? हे नियम त्या काळच्या भिक्खुसंघाचे, त्या काळच्या लोकनिंदेतून घडलेले. त्रिशरण आणि पंचशील घ्यायला लिंगाची अट कुठेच नाही.

अशा जागा कशा वाचायच्या याची रीत बाबासाहेबांनी घालून दिली आहे. १९५१ साली 'महाबोधी' मासिकात त्यांनी हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लेख लिहिला. बुद्धांनी स्त्रियांना कमी लेखले या आरोपासाठी महापरिनिब्बान सुत्तातला आनंदाबरोबरचा एक संवाद पुढे केला जात होता. बाबासाहेबांनी तो बुद्धांच्या बाकीच्या आचरणाशी ताडून पाहिला आणि तो मागाहून घुसडलेला आहे असे मत मांडले. पिटकात आहे म्हणून डोळे मिटून मान डोलावणे ही त्यांची रीत नव्हती, आणि अडचणीचे आहे म्हणून पान उलटणे ही पण नव्हती.

एक शेवटचा प्रसंग, कारण त्याचा गैरवापर फार होतो. सोमा थेरीला मार हिणवतो की बाईच्या दोन बोटांच्या बुद्धीला हे पद कसे गाठता येणार. ती सांगते की चित्त स्थिर झाले, ज्ञान जागे झाले, तिथे स्त्रीपणाचा संबंध काय. हे वाचून काही जण म्हणतात, धम्मात स्त्री-पुरुष असा भेदच नाही, तर मग ही लिंगओळख, हे सर्वनाम, ही प्रमाणपत्रे कशाला? सगळे अनात्मच. हा युक्तिवाद आपण कुठेतरी ऐकला आहे ना? 'आता जात कुठे राहिली आहे, तुम्हीच ती काढता!' सोमा थेरी हे माराला सांगते, जो तिला अडवत होता. तेच वाक्य उचलून अडवलेल्या माणसालाच गप्प करायचे, म्हणजे माराच्या जागी जाऊन उभे राहणे. परमार्थ सत्य आणि व्यवहारातले संमुती सत्य अशी दोन पातळ्यांची भाषा आपल्या परंपरेत आहे. रेशनकार्ड, वसतिगृह आणि पोलीस ठाणे दुसऱ्या पातळीवर येतात.

शब्द चुकला की काय जाते

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' निकालात सांगितले की स्वतःला पुरुष, स्त्री की तृतीय लिंगी म्हणवायचे हे व्यक्तीने ठरवायचे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदेशीर आहे. अनुच्छेद १५ आणि १६ मधल्या 'लिंग' या शब्दात लिंगओळखही येते, असा अर्थ न्यायालयाने लावला. २०१९ च्या मूळ कायद्याने स्वतःची ओळख मानली, पण प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्याकडून आणि 'स्त्री' किंवा 'पुरुष' अशी नोंद हवी तर शस्त्रक्रियेनंतरच, अशी रचना केली. त्याच कायद्यात पारलिंगी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान शिक्षा दहा वर्षे. कागदावर तुम्ही कोणत्या शब्दात बसता त्यावर तुमच्या वेदनेची किंमत ठरते, याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला सापडले नाही.

आपल्या राज्यात जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत २०२० च्या डिसेंबरात एका पारलिंगी उमेदवाराने महिला राखीव जागेसाठी अर्ज भरला आणि तो फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला. संधी साधण्यासाठी आपण पुढे पुरुष म्हणून ओळख बदलणार नाही, हे तिचे म्हणणे न्यायालयाने नोंदवून घेतले. ती निवडूनही आली. राखीव जागांवर खोटे दावे होतात, हे जातीच्या बोगस दाखल्यांमुळे आपल्याला पुरते माहीत आहे. त्यामुळे शंका विचारणाऱ्या प्रत्येक बाईला आम्ही द्वेषी म्हणणार नाही. पण बोगस दाखल्यांवरचा उपाय म्हणून आपण आरक्षण बंद करा म्हणत नाही, पडताळणी नीट करा म्हणतो. शिवाय दलित पारलिंगी व्यक्तीला जातीच्या आरक्षणात स्थान हवे की लिंगओळखीच्या, हा प्रश्न 'किंवा' घालून विचारणेच चूक. तमिळनाडूच्या ग्रेस बानू यांनी समांतर आरक्षणाची मागणी लावून धरली आहे ती म्हणूनच: प्रत्येक प्रवर्गाच्या आत वाटा. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का असा वाटा दिला.

आणि आता दुसऱ्या टोकाच्या मित्रांसाठी. 'जैविक लिंग' हा शब्दच अपमानास्पद आहे, तो वापरू नका, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. सोनोग्राफीच्या यंत्राने कोणाची ओळख विचारली नव्हती. शरीर पाहिले आणि गर्भ पाडला. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशये काढली गेली, कारण पाळीच्या दिवसांत खाडा होतो आणि खाड्याचा दंड बसतो. ते शोषण शरीराचे आहे आणि त्याला शरीराचेच नाव लागते. त्या बाईला 'गर्भाशय असलेली व्यक्ती' म्हणून तिचे दुःख अधिक नीट कळते असे आम्हाला वाटत नाही. पण जैविक लिंग हा शब्द गर्भलिंगनिदानाच्या चर्चेत वापरणे वेगळे आणि समोर आलेल्या पारलिंगी ताईच्या तोंडावर फेकणे वेगळे. २०२५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या समानता कायद्यातला तो शब्द जैविक अर्थाने वाचायचा असे सांगितले, तेव्हा आपल्याकडेही काहींनी पेढे वाटल्यासारख्या पोस्ट टाकल्या. तो निकाल एका देशाच्या एका कायद्यातल्या शब्दापुरता आहे, आणि पारलिंगींना भेदभावापासून असलेले संरक्षण कायम आहे असे त्याच निकालात म्हटले आहे.

म्हणून कोणत्याही अर्जात 'लिंग' लिहिण्याआधी विचारा: हे कशासाठी हवे आहे? श्रामणेर शिबिराच्या अर्जात झोपण्याच्या व्यवस्थेसाठी हवे असेल तर 'निवास कोणत्या कक्षात हवा' असे विचारा. रक्तदान किंवा आरोग्य तपासणीसाठी हवे असेल तर वैद्यकीय माहिती वेगळ्या कागदावर, डॉक्टरपुरती घ्या. व्याख्यानाला येणाऱ्यांच्या यादीसाठी ते कशालाच लागत नाही.

बोलताना मराठी आपल्याला अडवतेही आणि मदतही करते. 'गेला' की 'गेली' हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. पण माणूस स्वतःविषयी 'मी आले' म्हणतो की 'मी आलो', हे कान देऊन ऐकले तर बहुतेक वेळा विचारावेही लागत नाही. (कोल्हापूरकडच्या मुलीही बिनधास्त 'मी आलो' म्हणतात, तेवढे ध्यानात ठेवावे!) आणि अगदीच अंदाज येत नसेल तर 'तुम्ही कधी आलात?' हे स्त्रीला, पुरुषाला, कोणालाही चालते.

२०२७ च्या जनगणनेत जातीचीही नोंद होणार आहे आणि धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहा हे सांगत आपण वस्त्यावस्त्यांतून फिरणार आहोत. २०११ मध्ये स्त्री आणि पुरुष सोडून 'इतर' मध्ये देशभरात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली. प्रगणक दारात येतो तेव्हा बहुधा घरातला कर्ता माणूस सगळ्यांच्या वतीने उत्तरे देतो, आणि तो जे सांगेल तेच लिहिले जाते. धर्माचा रकाना समजावून झाला की त्याच भेटीत कर्त्याला एवढे सांगा की प्रत्येकाची माहिती त्या त्या माणसाला विचारून द्या.